इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं: 'जिंजर'चा माग काढत

'फादर' हा 'पितर'चा अपभ्रंश आहे, 'नेव्हिगेशन' म्हणजे आपली 'नवगती', 'कॅश' हा तमिळ 'कासु'वरून आला. असे संदेश मराठी घरांतल्या फोनवर नेहमी फिरत असतात. तिन्हींत थोडं तथ्य आहे आणि तिन्ही दावे चूक आहेत. तथ्य किती आणि चूक कुठे, हे कुणालाही तपासता येतं. त्यासाठी भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, इंटरनेट आणि पहिल्या शब्दासाठी दोनेक तास पुरतात. नियम एकच, पण तो कडक पाळावा लागतो: एका वेळी एकच पायरी मागे जायचं. आजच्या इंग्रजी शब्दावरून थेट संस्कृतावर उडी घेतली की हमखास चुकतं.

उसना शब्द आणि चुलत शब्द

दोन भाषांतले शब्द सारखे दिसले, तर त्यामागे तीन शक्यता असतात. एका भाषेनं दुसरीकडून शब्द उचलला असेल, जसा मराठीनं 'टेबल' उचलला. किंवा दोघींना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला असेल. मराठी 'दात' काही हिंदी 'दाँत'वरून आलेला नाही. दोन्ही 'दन्त'वरून प्राकृतातून उतरले. किंवा मग निव्वळ योगायोग असेल.

इंग्रजी 'टूथ' आणि संस्कृत 'दन्त' यांचं नातं दुसऱ्या प्रकारचं आहे, फक्त कितीतरी जुनं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असं विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलं. त्या उगमभाषेला आज आदि-इंडो-युरोपीय म्हणतात. तिचा एकही लेख मिळालेला नाही. तिची रूपं लेकीबाळींची तुलना करून बांधलेली आहेत, म्हणून कोशांत त्यांच्या आधी तारांकन छापतात. तारांकन दिसलं की समजायचं, हे रूप कुणी लिहिलेलं सापडलेलं नाही, ते अनुमानानं काढलेलं आहे.

'फादर' आणि 'पितृ' हे असे चुलत शब्द आहेत. एक दुसऱ्यातून निघालेला नाही. शब्द उसना आहे असं म्हणायचं असेल तर तो वाहून नेणारी माणसं दाखवावी लागतात: व्यापारी, शिपाई, धर्मोपदेशक, भाषांतरकार. इंग्रज बापाला 'फादर' म्हणायला लागले तेव्हा त्यांना संस्कृत शिकवणारं कुणी आसपास नव्हतं.

हाताशी काय ठेवायचं

सुरुवात एटिमऑनलाइन या मोफत संकेतस्थळापासून करा. डग्लस हार्पर यांनी ते उभं केलं आहे. नोंदी आटोपशीर असतात आणि पहिल्या फेरीत रस्त्याचा अंदाज येतो. पण त्यावर थांबू नका. खरा आधार म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. तिचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि पहिली आवृत्ती पुरी झाली १९२८ मध्ये. प्रत्येक अर्थाखाली तारखेसह उताऱ्यांची रांग, हे तिचं बळ. आजच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते; अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ती असते, तिथे चौकशी करा. जुन्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. बहुतेक घरगुती शब्दांना तेवढे पुरतात, फक्त पहिल्या नोंदीची तारीख नव्या संशोधनानं मागे गेलेली असू शकते हे ध्यानात ठेवा.

त्याच्या मागच्या काळासाठी दोन कोश, दोन्ही मोफत: मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश डिक्शनरी, आणि त्याआधीच्या जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट, ग्रीकसाठी लिडेल आणि स्कॉट. दोन्ही पर्सियस या संकेतस्थळावर आहेत. संस्कृतासाठी मोनियर-विल्यम्स १८९९, कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश. इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन. पोर्तुगीजांच्या हातून गेलेल्या शब्दांसाठी गोव्याच्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा ग्लोसारियो लुझो-आझियातिको, १९१९ आणि १९२१ चे दोन खंड. कोकणी-मराठी माणसाच्या हाती पडलेला हा ठेवा आहे. तो पोर्तुगीज भाषेत आहे म्हणून बिचकू नका. उतारे आणि शब्द सहज ओळखू येतात.

विक्शनरीही उघडा, पण ती कुणालाही संपादित करता येते. जिथे कोशाचा हवाला दिलेला नाही, तिथली साखळी वहीत पेन्सिलीनं लिहा.

वहीत पाच रकाने आखा: भाषा, रूप, अर्थ, साल, पुरावा. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती पायरी अजून पक्की नाही.

पायरी पहिली: शब्द सोलून घ्या

आधी उपसर्ग आणि प्रत्यय वेगळे काढा. 'अनफ्रेंडली'चं मूळ शोधायचं म्हणजे 'फ्रेंड'चं शोधायचं. मग कोशात त्याच स्पेलिंगच्या किती स्वतंत्र नोंदी आहेत ते बघा. नवशिके इथेच सर्वांत जास्त वाहवत जातात. 'कॉट' म्हणजे पलंग, हा हिंदुस्थानी 'खाट'वरून गेला, मुळात संस्कृत 'खट्वा'. 'कॉट' म्हणजे झोपडी, हा मात्र जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द. 'कॉटेज' त्याच्याच घरातलं. स्पेलिंग एक, शब्द दोन.

आपण 'जिंजर' घेऊ, म्हणजे आलं. हा शब्द फोडता येत नाही. आणि 'जिंजरली', म्हणजे जपून, अलगद, हे क्रियाविशेषण आल्याच्या कुळातलं वाटलं तरी नाही. ते बहुधा 'नाजूक, कुलीन' अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलं. ते बाजूला ठेवा.

पायरी दुसरी: सर्वांत जुनी लेखी नोंद

ऑक्सफर्डच्या नोंदीत पहिला उतारा कोणत्या काळातला आहे ते टिपा. ही शब्दाची जन्मतारीख नव्हे. तो कागदावर आल्याचा, आणि तो कागद आपल्यापर्यंत टिकल्याचा हा पुरावा आहे. बोलण्यात शब्द त्याआधी असणारच. पण तारीख एक काम चोख करते: तिच्यामुळे अशक्य रस्ते बंद होतात. 'जिंजर'चं रूप जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११५० च्या आत मिळतं. त्यामुळे पोर्तुगीज किंवा ईस्ट इंडिया कंपनी यांनी तो नेला ही शक्यता तिथेच संपली. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये.

पायरी तिसरी: जुनी स्पेलिंगं गोळा करा

मध्ययुगात स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. लिहिणारा ऐकू येईल तसं लिहायचा, त्यामुळे जुनी स्पेलिंगं उच्चाराची साक्ष देतात. आज 'नाइट' या योद्ध्याच्या शब्दात 'के' आणि 'जीएच' मुके आहेत. जुन्या इंग्रजीत तो 'क्निख्त'च्या जवळपास उच्चारत आणि ही अक्षरं बोलत होती.

'जिंजर'ची जुनी इंग्रजी रूपं अक्षरशः वाचली तर 'गिंगिफेर' आणि 'गिंगिबेर' अशी आहेत. इथे थोडं थांबा. जुन्या इंग्रजीत दोन स्वरांच्या मधला 'एफ' हा 'व्ह' असा उच्चारत. 'नाइफ'चं अनेकवचन 'नाइव्ह्ज' होतं त्यात ती सवय आजही शिल्लक आहे. म्हणजे 'गिंगिफेर'चा शेवट कानाला '-वेर' असा लागत होता. मध्ययुगीन इंग्रजीत जुन्या फ्रेंच 'जिंजिव्र'चा प्रभाव पडला आणि शब्द आखडून आजच्या रूपाजवळ आला.

पण स्पेलिंगवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुढच्या काळात पंडितांनी लॅटिनच्या आदरापोटी काही अक्षरं घुसडली. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' मध्ययुगीन इंग्रजीत नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या 'डेत्त'ला लॅटिन 'देबितुम'कडे बघून तो चिकटवला. 'आयलंड'मधला 'एस' तर साफ चुकीच्या नात्यावरून आला. तो जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द, आणि 'एस' त्याला फ्रेंचमधून आलेल्या, बेटाच्याच अर्थाच्या 'आइल'चा लागला.

पायरी चौथी: थर ओळखा

इंग्रजी भाषा थराथरांनी साचली आहे. आपण मराठीत तत्सम, तद्भव, देशी आणि फारसी-अरबी असे शब्द वेगळे करतो, तसंच इथे करायचं. तळाला जर्मानिक, म्हणजे जर्मन-डचच्या कुळातल्या, बोलींचा थर आहे: हात-पाय, आई-बाप, आकडे, 'खाणं', 'जाणं', 'असणं'. त्यावर आठव्या शतकापासून आलेल्या व्हायकिंगांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दींचा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या फ्रेंचभाषकांनी इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन फ्रेंचचा. मग विद्वानांनी पुस्तकांतून आणलेल्या लॅटिन-ग्रीकचा, आणि वर जगभरच्या व्यापाराचा.

एकाच मुळाचे दोन शब्द वेगवेगळ्या थरांत सापडले तर काम सोपं होतं. 'शर्ट' इंग्रजी घरचा, 'स्कर्ट' व्हायकिंगांचा, मूळ एक. सुरुवातीला 'स्क' असलेले बरेच साधे शब्द, उदाहरणार्थ 'स्काय' आणि 'स्किन', उत्तरेकडून आलेले असतात, कारण घरच्या शब्दांत त्या जागी 'श' झाला होता. 'कॅटल' (गुरं) आणि 'चॅटल' (जंगम मालमत्ता) हे दोघे फ्रेंच, पण 'क' राखणारा नॉर्मंडीचा आणि 'च' करणारा पॅरिसच्या बाजूचा.

'जिंजर' या खुणांत बसत नाही. आलं इंग्लंडात उगवत नाही, म्हणून शब्द मालाबरोबर आला असणार. जुन्या इंग्रजीत असे परदेशी मालाचे शब्द बहुतेक लॅटिनमधून, मठांतल्या वैद्यकाच्या पोथ्यांतून येत. कोशही तेच सांगतात.

पायरी पाचवी: मागच्या भाषेचा स्वतःचा कोश उघडा

इंग्रजी कोशात लिहिलेलं 'लॅटिनमधून' हे वाचून पुढे सरकू नका. लॅटिन कोश उघडून शब्द खरोखर आहे का, त्याच अर्थाचा आहे का, कुठल्या लेखकाकडे आहे, हे बघा. 'जिंजर'साठी वहीतली रांग अशी भरते:

- मध्ययुगीन लॅटिन: गिंगिबेर
- अभिजात लॅटिन: झिंगिबेरी
- ग्रीक: झिंगिबेरिस, इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिओस्कोरिदिस या वैद्याच्या औषधीग्रंथात
- पाली: सिंगिवेर
- संस्कृत: शृंगवेर

आता प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून विचारा, हा बदल का झाला? शेवटच्या '-वेर'चा ग्रीकमध्ये '-बेरिस' झाला, कारण त्या काळच्या ग्रीकमध्ये 'व'साठी अक्षर उरलं नव्हतं आणि त्याच्या सर्वांत जवळचा होता 'बीटा'. लॅटिन 'झ'चा मध्ययुगात 'ज'सारखा उच्चार झाला आणि तो 'जी' अक्षरानं लिहिला गेला. शब्द नेणारी माणसंही दिसतात: पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यावर मलबारला येणारी जहाजं. सांधा, तारीख आणि वाहक, तिन्ही जुळले की पायरी पक्की.

पायरी सहावी: संस्कृतावर पोचलात म्हणजे शेवट झाला असं समजू नका

ही पायरी मराठी वाचकानं जास्त सावधपणे चढावी. 'शृंगवेर' हा शब्द आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे, मोनियर-विल्यम्समध्ये आहे, आणि त्याची फोडही तयार आहे: 'शृंग' म्हणजे शिंग, 'वेर' म्हणजे शरीर. आल्याचा फाटे फुटलेला गड्डा हातात घेतला तर हरणाच्या शिंगासारखा दिसतोही. इतकं छान बसतं की पुढे शोधावंसंच वाटत नाही.

पण पाली रूप पुन्हा बघा. पालीत शिंगाला 'सिंग' म्हणतात, आणि आल्याला 'सिंगिवेर'. मधली ती 'इ' शिंगातून निघत नाही. आता दक्षिणेकडे वळा. तमिळ आणि मल्याळम दोन्हींत आल्याला 'इंजि' म्हणतात आणि मुळाला 'वेर'. कन्नडमध्ये मूळ म्हणजे 'बेरु', तेलुगूत 'वेरु'. 'इंजि-वेर' म्हणजे आल्याचं मूळ, सरळ आणि साधं. तमिळ-मल्याळमच्या शाखेत काही शब्दांच्या आरंभीचा 'च' पूर्वी गळून गेला आहे, म्हणून पालीतला 'स' हा त्या जुन्या व्यंजनाचा अवशेष मानतात. शब्द द्राविडी, संस्कृतानं तो घेताना आपल्या ओळखीच्या 'शृंगा'चा साज चढवला. अनोळखी शब्दाला ओळखीचा अर्थ जोडण्याच्या या प्रकाराला लोकव्युत्पत्ती म्हणतात. तो पंडितांकडूनही होतो, हे 'शृंगवेर' दाखवतो.

(आपलं 'आलं' मात्र वेगळ्या वाटेनं आलं: संस्कृत 'आर्द्रक', ओलं ते. वाळवलं की ती सुंठ.)

अर्थाचा रकाना रिकामा ठेवू नका

रूप जुळलं पण अर्थ जुळत नसेल, तर मधला दुवा शोधावा लागतो. 'जंगल' हे उत्तम उदाहरण. आयुर्वेदात 'जांगल' देश म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश. पाणथळ तो 'आनूप'. इंग्रजी 'जंगल' म्हणजे ओलं, घनदाट अरण्य. अर्थ अगदी उलटा! दुवा सापडतो हॅलहेड या इंग्रजाच्या हिंदू कायद्यांवरच्या १७७६ च्या ग्रंथात. तिथे पाच वर्षं पडीक राहिलेल्या जमिनीला 'जंगल' म्हटलंय. कोरडी जमीन, मग पडीक जमीन, मग पडीक जमिनीवर माजलेलं रान.

'डिअर' आज हरीण. जुन्या इंग्रजीत 'देओर' म्हणजे कुठलंही जनावर. हे आपल्याला परकं वाटू नये. 'मृग' हाही आधी कुठलाही वन्य पशू होता, नाहीतर सिंहाला 'मृगेंद्र' आणि शिकारीला 'मृगया' म्हटलं नसतं.

साखरेचं कुळ तर वहीचं पूर्ण पान घेईल. संस्कृत 'शर्करा'चा एक अर्थ खडे, वाळू. 'खडीसाखर' म्हणताना मराठीत तेच चित्र आपोआप येतं. फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', मध्ययुगीन लॅटिन आणि फ्रेंचमार्गे 'शुगर'. पाली 'सक्खरा'सारख्या रूपावरून ग्रीक 'साक्खारोन' आणि त्यातून विज्ञानाचं 'सॅकरिन'. मल्याळम 'चक्कर', पोर्तुगीज 'जागरा', आणि इंग्रजीत गुळासाठी 'जॅगरी'. एका मुळाचे तीन शब्द, तीन दारांनी, वेगवेगळ्या शतकांत. 'कँडी' यांच्यातला नव्हे. तो 'खंड'वरून, फारसी 'कंद'मार्गे. खांडसरीतली 'खांड' तीच.

शब्द घरचा असेल तर: ध्वनिनियम

तळच्या थरातल्या शब्दाला जुन्या इंग्रजीच्या मागे उसनवारीचा रस्ता नसतो. तिथे तुलना करावी लागते, आणि तुलनेला नियम आहेत. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ते नीट मांडले. मराठी माणसाला ते पाठ करणं सोपं, कारण संस्कृत शब्द आधीच तोंडात असतात:

- प चा फ: पाद आणि फुट, पंच आणि फाइव्ह
- त चा थ: त्रि आणि थ्री
- द चा ट: दश आणि टेन, द्वि आणि टू, दन्त आणि टूथ
- भ चा ब: भ्रातृ आणि ब्रदर
- संस्कृत ज, इंग्रजी क: ज्ञा आणि 'नो' (जाणणं), जानु आणि 'नी' (गुडघा), दोन्हींच्या स्पेलिंगमधला मुका 'के' तोच
- संस्कृत श, इंग्रजी ह: शत आणि हंड्रेड, श्वन् आणि हाउंड
- संस्कृत ह, इंग्रजी ग: हंस आणि गूस

यातून एक उपयोगी कसोटी मिळते. घरचा इंग्रजी शब्द संस्कृताशी फार जास्त जुळत असेल तर संशय घ्या. 'दन्त'शी हुबेहूब जुळतो तो 'डेंटल', कारण तो लॅटिनहून उसना आणलेला आहे. घरचा आहे तो 'टूथ'. तसंच 'पेडल' लॅटिनकडचा आणि 'फुट' घरचा, 'डेसिमल' लॅटिनकडचा आणि 'टेन' घरचा. 'स'नंतरचा 'त' मात्र बदलत नाही: स्था आणि स्टँड.

या नियमांना एक अपवाद दिसत होता, आणि तो सुटला तो वेदांमुळे. जुन्या इंग्रजीत भाऊ 'ब्रोथोर' होता, पण बाप 'फॅडर' आणि आई 'मोडोर'. 'पितृ', 'मातृ', 'भ्रातृ' तिन्हींत 'त' आहे, मग दोघांत 'ड' का? डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नर यांनी वैदिक स्वर, म्हणजे ऋचा म्हणतानाचे आघात, तपासले. 'भ्राता'चा उदात्त, म्हणजे आघाताचा स्वर, पहिल्या अक्षरावर आहे. 'पिता' आणि 'माता' यांचा शेवटच्या. आघात व्यंजनाच्या आधीच्या अक्षरावर नसेल तिथे जर्मानिक भाषांत ते मृदू झालं. घोकून टिकवलेल्या ऋचांमधला उदात्त इंग्रजी शब्दाचा 'ड' समजावून देतो. 'फादर' आणि 'मदर' मधला आजचा 'द' मध्ययुगाच्या अखेरच्या दुसऱ्याच बदलानं आला, म्हणून आजचं रूप धरून तुलना केलीत तर हा सगळा पुरावा हातातून निसटतो.

नेहमी कुठे घसरतं

'नेव्हिगेशन'. लॅटिन 'नाव्हिस' म्हणजे नाव आणि 'आगेरे' म्हणजे हाकणं. 'नाव्हिस' आणि 'नौ' चुलत आहेत, तेवढं खरं. पण त्यातला 'ग' हा 'गती'चा नाही. 'आगेरे'चा चुलतभाऊ संस्कृतात 'अजति', म्हणजे हाकतो. आणि 'गम्' धातूचा इंग्रजी चुलतभाऊ आहे 'कम'. शब्द अर्धा जुळला की उरलेला अर्धा आपण ओढून बसवतो, तो हा प्रकार.

'कॅश'. रोख रकमेचा शब्द फ्रेंच-इटालियन 'कासा'कडून, लॅटिन 'काप्सा' म्हणजे पेटी. तमिळ 'कासु'वरून पोर्तुगीजांमार्फत आलेला 'कॅश' हे एका हलक्या नाण्याचं नाव आहे, आणि कोशात त्याची नोंद स्वतंत्र आहे.

'बॅड'. बदनाम, बदचाल यांतला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चारही जवळपास एक. एक पायरी मागे जा: मध्य-फारसीत तो 'वद' होता. सारखेपणा तिथेच संपतो. हा योगायोग आहे.

'ऑरेंज'. नारिंगाचा 'न' इंग्रजीत 'अ नॉरेंज'चं 'अॅन ऑरेंज' होताना गळला, असं सर्रास लिहिलेलं असतं. इंग्रजीला हा शब्द फ्रेंचकडून मिळाला तेव्हाच त्यात 'न' नव्हता. स्पॅनिशमध्ये तो अजून आहे. फ्रेंच आणि इटालियनमध्ये आधीच गेला होता. इंग्रजीत तसा 'न' खरोखर गळला तो 'एप्रन'मधून. 'नॅपकिन'मध्ये तो शिल्लक आहे.

आणि आद्याक्षरांच्या गोष्टी. 'न्यूज' म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं, हिंदुस्थानला येणाऱ्या बोटींच्या तिकिटावरचा शिक्का. तसं एकही तिकीट मिळालेलं नाही. विसाव्या शतकाआधी आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची चालच जवळजवळ नव्हती, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी दिली तर आधी तारीख विचारा.

लिहून काढताना

शेवटी वहीतली रांग पाच-सहा वाक्यांत लिहा, आणि प्रत्येक पायरीपुढे 'पक्कं', 'बहुधा' किंवा 'अज्ञात' यांपैकी एक शब्द लिहा. 'डॉग'ची वही उघडली तर जुन्या इंग्रजीत एक विरळ रूप मिळतं आणि त्यामागे काहीच नाही. कुत्र्यासाठी तेव्हाचा रोजचा शब्द 'हुंड' होता. कोश तिथे 'मूळ अज्ञात' म्हणून थांबतात. तुम्हीही थांबा.

सरावासाठी 'मंगूस' घ्या. हॉब्सन-जॉब्सनमध्ये शोधताना पहिल्या अक्षरापुढे 'ओ' ऐवजी 'यू' घालावा लागेल, नाहीतर नोंद सापडणार नाही. जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाचं प्रवासवर्णन छापलं गेलं १६९८ मध्ये, पण त्यातला मुंगसाचा उल्लेख १६७३ च्या सुमाराच्या मजकुरातला आहे. दोन्ही सालं टिपा. मराठी 'मुंगूस' मोल्सवर्थमध्ये बघा, तेलुगू आणि कन्नडमधली 'मुंगिस', 'मुंगुसि' ही रूपं शेजारी लिहा, पोर्तुगीज मध्यस्थीसाठी दालगादो चाळा. नोंद साधारण अशी होईल: 'इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, पक्कं. पश्चिम हिंदुस्थानातल्या मराठी रूपावरून, कदाचित पोर्तुगीजमार्गे, बहुधा. मराठीमागे द्राविडी रूप, बहुधा. स्पेलिंगमधला 'गूस' हा बदकाच्या भाऊबंदाशी जोडलेला भास, संबंध नाही, पक्कं.' म्हणूनच त्याचं अनेकवचन 'मंगूसेस' होतं, 'गूस'चं 'गीस' होतं तसं 'मंगीस' होत नाही.